शैलाच्या मापाचा चेंडू

मीरा रोड,
६ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप आबांना शैलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. दिवाळीला आलो नाही ते सुट्टी नव्हती म्हणून नव्हे. माझी कंबर धरलीय. मणक्यातली गादी सरकलीय. भाईंदरच्या गाळ्यात सात वर्षं शर्टांच्या कॉलर शिवतेय, ते काम दसऱ्यापासून बंद आहे. नया नगरच्या फिजिओथेरपीवाल्या हेमाली मॅडम म्हणतात, पोटाचे आणि पाठीचे स्नायू घट्ट झाले तर ऑपरेशन टळेल. त्यासाठी हवेचा मोठा चेंडू आणायचा आणि घरी त्यावर बसून व्यायाम करायचा. उंची बघून घ्या, एवढं सांगून मॅडम भावाच्या लग्नाला सुरतेला गेल्या.

तुमचे जावई दुकानात गेले. तिथे पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर असे तीन आकार होते. दुकानदाराने विचारलं, भाभी की हाइट कितनी? हे म्हणाले, माझ्या खांद्याला लागते. शेवटी मोठा तो चांगला म्हणून पंच्याहत्तर सेंटिमीटरचा उचलून आणला. मी बसले तर पाय अधांतरी! चेंडू कपाटाकडे गेला आणि मी पलंगावर आदळले. मग ह्यांनी थोडी हवा काढली, तर तो असा बसका झाला की मी आत रुतले आणि कळ पार पोटरीपर्यंत गेली. सासूबाई म्हणतात, पुरे झाली ही सर्कस. डॉक्टरांनी जानेवारीपर्यंत मुदत दिलीय. आबा, मला ऑपरेशनची फार भीती वाटते. तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण कळवल्याशिवाय राहवेना.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावर रागावलात तरी उत्तर पाठवा.
तुमची शैला


सुतारवाडी, ता. संगमेश्वर,
१३ नोव्हेंबर २००६

चि. शैला हिस आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलोच आहे. दसऱ्यापासून बाप अंधारात, हे बरं नव्हे. उत्तमरावांना मात्र बोलू नकोस. त्यांनी बिचाऱ्यांनी मायेपोटी मोठा आणला.

चेंडूतलं मला काही कळत नाही, बसण्यातलं कळतं. चाळीस वर्षं पाट, स्टुलं, खुर्च्या केल्या. बसणाऱ्याची नुसती उंची विचारून भागत नाही. कुणाचं धड लांब असतं, कुणाचे पाय. अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा आणि गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेप लाव. बसल्यावर दोन्ही तळवे पुरते टेकले पाहिजेत आणि मांडी जमिनीला समांतर हवी. गुडघा कमरेपेक्षा किंचित खाली चालेल, वर मुळीच नको. चेंडू वजनाने दबणार, म्हणून तुझ्या मापावर चार-पाच बोटं जास्त धर. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. हवा भरून चेंडू भिंतीला लाव, वर आडवी फळी ठेव, फळी टेकेल तिथे भिंतीवर खूण कर आणि ती उंची मोज. आणि मॅडमना दाखवल्याशिवाय एकही व्यायाम नको.

तुझी आई गेल्यापासून कामाच्या खोलीला कुलूप आहे, नाहीतर तुला काहीतरी करून पाठवलं असतं. हात आता थरथरतो. असो. रडू नकोस, टेप शोध.

घरच्या सर्वांना माझी आठवण सांग.
तुझे आबा


मीरा रोड,
४ डिसेंबर २००६

तीर्थरूप आबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं आणि माझाच शिवणाचा टेप घेऊन जमिनीवर बसले. लवणीपासून साडेसोळा इंच भरलं. तुमची चार-पाच बोटं धरून वीस-एकवीस इंच, म्हणजे पंचावन्न सेंटिमीटरचाच हवा. तोवर मॅडम सुरतेहून आल्या. तुमचं पत्र दाखवलं तर म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी माझं काम केलं. पंच्याहत्तरचा त्यांनी क्लिनिकसाठी ठेवून घेतला. सहा फुटांवरचे पेशंट येतात, त्यांना होईल म्हणाल्या.

नवा चेंडू पहिल्या दिवशी थोडा कमीच भरला, रबर सैल होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा मारली. फळी लावून मोजला तर दोन इंच कमी! आणखी पंप मारला. मग बसले. आबा, तळवे टेकले. भिंतीला हात लावून पाच मिनिटं बसले आणि कळ आली नाही.

फक्त उठताना तो मागे सरकतो आणि माझा जीव घाबरतो. माझ्या शेजारच्या मशीनवरची चंद्रावती भाईंदरजवळच्या समुद्रकाठच्या डोंगरीहून बसने मला बघायला आली होती. तिने चेंडूला चापट मारली आणि म्हणाली, वल्हवायला होडी बरी, ती निदान सांगून हलते, याचा काय भरवसा न्हाय. खूप दिवसांनी पोट धरून हसले.

सर्वांचा नमस्कार. औषधं वेळेवर घेत जा, मला पत्रातल्या अक्षरावरून कळतं.
तुमची शैला


सुतारवाडी,
१८ डिसेंबर २००६

चि. शैला हिस अ. उ. आ.

आपला शेजारचा सदू भाईंदरला मुलीकडे येतोय, त्याच्यासोबत एक लाकडी कडं पाठवतो. जमिनीवर ठेवून त्यात चेंडू बसव, सरकणार नाही. फणसाचं लाकूड आहे. खालून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलंय. पॉलिश पेपर चार वेळा मारलाय, तरी तू बोट फिरवून बघ. लाकडाची एक बारीक कूस वर राहिली तरी चेंडू फुटेल.

कुलूप काढलं तेव्हा रंध्यावर तुझ्या आईने घातलेलं फडकं तसंच होतं. पहिल्या दिवशी नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कापलं ते वाकडं गेलं, तिसऱ्या दिवशीचंही. हे चौथ्या दिवशीचं आहे. यातही डावीकडे थोडी चूक आहे, ती तुला दिसणार नाही.

धीर धर आणि कळवत राहा.
तुझे आबा


मीरा रोड,
५ फेब्रुवारी २००७

तीर्थरूप आबांना शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, तूर्त ऑपरेशन नको! व्यायाम मात्र सोडायचा नाही. आता कडं काढूनसुद्धा बसते, हात सोडून. एक तारखेपासून अर्धा दिवस गाळ्यातही जातेय.

तिथे गेल्यावर डोळे उघडले. आम्ही बाराजणी, आणि सगळ्यांची स्टुलं एकाच उंचीची. संचिताचे पाय लोंबकळतात, चंद्रावतीचे गुडघे पोटात. जेवणाच्या सुट्टीत मी टेप काढून एकेकीचं माप घेतलं. मालक परेशभाई हसले, म्हणाले, शैलाबेन, तुम डॉक्टर हो गयी क्या? मी म्हटलं, चंद्रावतीच्या स्टुलावर बसून एक कॉलर शिवून दाखवा. ते बसले. अर्ध्यातच कंबर धरून उठले. आता विचारतायत, अशी मापाची स्टुलं कोण करून देईल?

हे म्हणतात, आबांवर भार टाकू नकोस. मी भार टाकत नाही, फक्त विचारतेय. नाही म्हणालात तरी तुमच्यावरची माया तितकीच.
तुमची शैला


सुतारवाडी,
१० फेब्रुवारी २००७

चि. शैला हिस अ. उ. आ.

बाराजणींची मापं पाठव. नुसते आकडे नकोत, प्रत्येकीचं नाव लिही आणि कुणाचं कुठे दुखतं तेही लिही. स्टुलांच्या बैठका इथून करून आणतो. पाय तिथेच कापीन, एकेकीला बसवून. सदू बरोबर येतोय, एस.टी.ची तिकिटं तो काढेल.

तुझ्या घरी पंधरा दिवस राहायला जागा आहे का, ते उत्तमरावांना विचार. आणि चंद्रावतीबाईंना सांग, पहिलं स्टूल त्यांचं.

येतोच आहे.
तुझे आबा