लाल टरफलं

कोर्चा, सोमवार, २२ एप्रिल १९६८
एर्सेकाहून येणारी बस पुलावर आली तशी मी खिडकीबाहेर मूठ उघडली. टरफलं नदीत गेली. आईने बजावलं होतं, अंडं बसमध्येच खा, टरफलं पाण्यात टाक, नखं लिंबाने घास. सरकारने देव बंद केल्याला वर्ष झालं, तरी आई ईस्टरची अंडी कांद्याच्या सालींत रंगवतेच.

आता वसतिगृहात आहे. मी शिक्षिका होणार. वर्षाच्या मध्येच एक जागा रिकामी झाली, म्हणून मला बोलावलं. पलंग खिडकीजवळचा. शेजारची पोलिक्सेनी भारी विनोदी आहे. म्हणाली, "तुझ्या पलंगावरची मागची मुलगी घोरायची. तू घोरलीस तर सभा बोलवीन हं, एर्सेकाच्या पाहुणे." पोट दुखेपर्यंत हसलो.

जेवण जुन्या चर्चमध्ये. घेवड्याचा रस्सा वाढला की वाफेने भिंतीवरचा चुना ओलावतो आणि खालच्या चित्रांतले संतांचे डोळे वर येतात. मुली भिंतीकडे पाठ करून बसतात.

२३ एप्रिल
सकाळी बुटात काहीतरी टोचलं. लाल टरफलाचा तुकडा, नखाएवढा. बसमध्ये कपड्यांना चिकटला असेल. गिळून टाकला.

परिपाठाला अधीक्षिका कॉम्रेड श्प्रेसा सगळ्यांची नखं पाहतात. माझ्या हाताशी थांबल्या. बीट सोललंस का, म्हणाल्या. हो म्हटलं.

२५ एप्रिल
वहीत एक. उशीखाली एक. कुणाला तरी माहीत आहे.

मागच्या मुलीचं काय झालं, असं पोलिक्सेनीला विचारलं. तिने माझ्या नखांकडे पाहिलं आणि केस विंचरत राहिली.

कळलं तर माझं शिक्षण संपलं. ते जाऊ दे. आईला दलदलीकडच्या सक्तमजुरीच्या छावणीत धाडतील. तिला दमा आहे. ती तिथे—

२६ एप्रिल
मुख्याध्यापक कॉम्रेड बार्धिल यांनी बोलावलं. बसायला खुर्ची दिली, खायला अक्रोड. टरफलं सापडली आहेत, म्हणाले. नव्या मुलीवरच आधी संशय जातो, म्हणाले. तुला कोण वाटतं, असं विचारलं आणि माझ्या आईची तब्येतही विचारली.

मी नाव घेतलं नाही तर कुणी माझं घेईल.

नखं तर पोलिक्सेनीनेच पाहिली होती.

२७ एप्रिल
कॉरिडॉरमधल्या निषेधाच्या फलकावर तिचं नाव मी लिहिलं. मोठ्या अक्षरांत, जसं लिहायला सांगितलं तसं. मग सभा. ती रडली नाही. नेताना माझ्यापाशी थांबली.

"पहिलं मी ठेवलं होतं गं. आमच्याकडेही रंगवतात. तुला एकटं वाटू नये म्हणून. बाकीची मी नाही."

बाकीची—

२८ एप्रिल
तिची गादी गुंडाळलेली. माझ्या बुटात तुकडा. ओला.

कुणाला सांगितलं नाही. तरी कॉम्रेड बार्धिलनी बोलावलं. "एक नाव देणाऱ्याला दुसरंही माहीत असतं, बाळ." मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर एर्सेकाला माणूस जाईल, आईकडे—

२९ एप्रिल
सकाळी नवी मुलगी आली. पोलिक्सेनीच्या पलंगावर ट्रंक ठेवली. हात पुढे केला. नखं तांबूस.

मी विचारलं, घोरतेस का. ती खूप हसली.

मग मी तिचं नाव विचारलं, आणि—