वान्नेसची चारशे यंत्रं आणि माझी एक किल्ली

मी, गोडेलीव फरहूल्स्ट, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार लूव्हेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर बसून माझ्याबरोबर मोठा भागाकार करून दाखवावा.

१. राहतं घर माझ्या दिवंगत बहिणीच्या, रोझाच्या, दोन मुलांना, लुटगार्ट आणि वान्नेस यांना, समसमान. वॅफलचा लोखंडी साचा मात्र शेजारच्या ओडाबाईंना. त्या साच्यावरून ही दोघं आईच्या अंत्यविधीच्या दिवशी भांडली आणि सहा वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. ओडाबाईंना निदान वॅफल करता येतात.

२. टेबलाच्या खणातली काळी डिस्क दोघांना मिळून. तीत रोझाच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या गप्पा आहेत, तिच्याच आवाजात, एकोणीस तास. दुसरी प्रत नाही. मी विद्यापीठात एकतीस वर्षं कूटलेखन शिकवलं, त्यामुळे कुलूप नीट लावलं आहे. किल्ली दोनशे छप्पन्न बिटांची, म्हणजे शून्य आणि एक यांची तेवढी लांब ओळ.

ईस्टरच्या जेवणात वान्नेस म्हणाला, "मावशी, माझ्याकडे चारशे यंत्रं आहेत, सगळे संगणक. एकेक किल्ली लावून बघत जाईन. वर्षभरात उघडतो की नाही बघ!"

"अरे, किल्ली एका बिटाने लांबली की काम दुप्पट होतं. किती वेळा दुप्पट, ते मोज."

"मग आणखी यंत्रं घेईन."

"घे. सूर्य विझेपर्यंत विजेचं बिल भर."

"तुझा जुना लॅपटॉप पाच मिनिटांत उघडला होता की मी!"

उघडला होता. तिथे मी पासवर्ड म्हणून मांजराचं नाव ठेवलं होतं. ज्यासाठी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढलं, तेच मी केलं. पण तिथे नडला तो माझा आळस, कुलूप नव्हे. या वेळी किल्ली नाणं उडवून काढली आहे, दोनशे छप्पन्न वेळा. अंगठा दोन दिवस दुखत होता.

३. आमच्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे किल्लीचे दोन वाटे केले आहेत, प्रत्येकाला एक, बंद पाकिटात. वान्नेस, अर्धी किल्ली मिळाली म्हणून नाचू नकोस. एकट्या वाट्यावरून तिचा एक अंकही कळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवावे लागतात. फोनवर फोटो पाठवून भागवायचं असेल, तर आधी एकमेकांचा नंबर मागावा लागेल. तो दोघांनीही पुसून टाकला आहे, मला ठाऊक आहे.

लुटगार्ट म्हणते, "पहिल्यांदा मी त्याच्या दारात जाणार नाही, मावशी." ठीक. मग आईचा आवाज विसर.

४. वान्नेसच्या यंत्रांना किती वर्षं लागतील ते सांगायला एका ओळीत शून्यं मावणार नाहीत. त्याच्या दारापासून लुटगार्टचं दार सायकलवर अकरा मिनिटं. मी स्वतः मोजली आहेत, समोरून वारा असताना.

सही: गोडेलीव फरहूल्स्ट
लूव्हेन, ३ नोव्हेंबर २०२४

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात.

ओडा बाकेलांट, शेजारीण. (साचा मिळाला.)

सिस्टर आल्बेरिका, वय शहाण्णव, कॉन्व्हेंटात हिला भागाकार शिकवणारी. (वाचलं. राग जास्त आहे. हिशोब बरोबर आहे.)