चढावरची लाल गाडी

प्रिय इल्यास,

तू माँट्रियलहून फोनवर म्हणालास, "ताई, घरापुढचा चढ आता तुला झेपत नाही. घर विकू. तू बैरुतला नन्सच्या आश्रमात राहा." मी दुसऱ्या दिवशी एक जुनी, दोन दारांची, लाल स्पोर्ट्स गाडी घेतली. बाबा थांबून थांबून बघायचे ना, तसलीच.

विकणाऱ्या तन्नूसने आधीच सांगितलं, "मादाम, गिअरबॉक्स गेलाय. रिव्हर्स पडत नाही."

"माझ्या दारात पडायची गरज नाही," मी म्हटलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली, तेव्हा मी गाडी चढावर, घराकडे तोंड करून उभी केली. शेजारची जॉर्जेत म्हणाली, "आता मागे कशी घेणार गं? ढकलायला नवरा शोधू का?"

शाळेत सिस्टर क्लेमन्सनी शिकवलं तशी मी ताठ बसले आणि ब्रेक हळूच सोडला. गाडी आपली आपण मागे आली. जॉर्जेतनेच घरातून तांदूळ आणून, नवरीवर उधळतात तसे माझ्यावर उधळले.

इल्यास, तुला भीती वाटते तो चढच माझा रिव्हर्स गिअर आहे. घर विकायचं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उन्हाळ्यात येशील तेव्हा विमानतळावर घ्यायला मीच उभी असेन. तिथली जमीन मात्र सपाट आहे, तेव्हा तुला थोडं ढकलावं लागेल.

तुझी,
ओदेतताई