फुलवालीची थप्पी

प्रिय धाकट्या,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. सरपणाच्या जाळ्या आणि स्वेटरची बटणं एकाच जगात नांदवायचं ज्याने कुणी ठरवलं, त्याला एकदा शोधून जाब विचारला पाहिजे. काल भर दुपारी माझं मधलं बटण ओंडक्यांनी भरलेल्या जाळीच्या पिशवीत अडकलं आणि बेकरीवाल्याशी भावाची घासाघीस मी ओंडक्यांना मिठी मारून, ओणव्याने केली. तो म्हणतो, "ताई, एवढा जीव आहे त्यांच्यावर तर विकता कशाला?" भाव मी सोडला नाही. बटण मात्र गेलं.

वखार बरी चाललीय असं लिहिलं तर तुझा विश्वास बसणार नाही, आणि वाईट चाललीय म्हटलं तर तुझी ती मोठी सरपण कंपनी तुला बढती देईल. तेव्हा चाललीय, एवढंच. आई ठणठणीत आहे. तुझ्या कंपनीचं कॅलेंडर तिने स्वयंपाकघरात लावलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, की हे आमच्या मुलाचं. त्यातल्या फोटोत जे धडधडून पेटलंय ते लाकूड नसून गॅस आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुमचं दरपत्रक माझ्यापर्यंतही पोचलं. कागद छान गुळगुळीत आहे. दहा जाळ्यांना एक भाव, पंचवीसला त्याहून कमी, आणि पन्नासचा तर असा, की मला खरेदीच त्याहून महाग पडते. बाबांचा सगळ्यांना एकच भाव असायचा. पाच नेणाऱ्यालाही तोच, पन्नास नेणाऱ्यालाही तोच. तू त्याला अडाणीपणा म्हणायचास, तेही त्यांच्या तोंडावर. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की छोट्या दुकानदाराकडे पैसा कमी असतो, पण त्याहून कमी असते ती जागा. म्हणून त्याने उन्हाळ्यात जमेल तसे पैसे भरायचे आणि त्याच्या जाळ्यांची थप्पी आपल्या छपराखाली उभी राहायची, पुढे पाटीवर खडूने त्याचं नाव. थंडी पडली की लागतील तशा न्यायच्या. दुसऱ्याचा माल आपण फुकट का सांभाळायचा, असं तू विचारायचास. फुकटच सांभाळत होतो. गिऱ्हाइकं त्याच्यासाठीच तर येत होती.

तू मोठ्या कंपनीत गेलास याचा मला राग नाही, असं लिहिणार होते. राग आहे. पण तो आता जुना होऊन चांगला वाळलाय, धूर न करता जळतो. ओला आहे तो दुसरा.

गिऱ्हाइकं फोडायला तू आपल्याच पाट्यांवरची नावं घेऊन निघालास. धंदा आहे, चालायचंच. पण फुलवाली मावशी? तिची टपरी तुला मी काय सांगू. बादल्या मांडल्या की तिला स्वतःला आडवं होऊन आत शिरावं लागतं. थंडीत फुलं खपत नाहीत, तेव्हा बादल्यांच्या जागी रोजच्या चार जाळ्या विकायला ठेवून ती ते महिने ढकलते. त्या बाईला तू पन्नासचा भाव सांगितलास. तिने हंगामाचे सगळे पैसे एकदम तुझ्या हातात ठेवले. नंतर मला म्हणाली, "घरचा पोरगा आहे, वाईट सांगेल का?" मी तोंड मिटून घेतलं. बोलले असते तर गिऱ्हाईक गेलं म्हणून जळते, असं झालं असतं.

तुमचा ट्रक टपरीमागच्या भिंतीला माल टाकून गेला. भिजू नये म्हणून तिने तो प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळला, वरून दोरीही आवळली. अगदी मायेने, पोर गुंडाळावं तसं. लाकडाला वारा लागावा म्हणून ते जाळीत भरतात, हे तिला कुणी सांगायचं? इतकी वर्षं ती वाळलेल्या जाळ्या उचलून नेत आली, साठवायचं कसं हे शिकायची तिच्यावर वेळच आली नव्हती. तुला मात्र ठाऊक होतं. तू त्याच छपराखाली वाढलास, आणि तिच्याकडे किती जागा आहे ते तुझ्या डोळ्यांना दिसत होतं.

प्लॅस्टिक सोडलं तेव्हा आतून पाणी निथळत होतं आणि सालीवर पांढरी बुरशी. पेटत नाही, घरभर धूर होतो म्हणून लोकांनी जाळ्या परत आणून टाकल्या. तुमच्या ऑफिसातल्या एका गोड आवाजाने तिला सांगितलं, की माल उतरवल्यावर जबाबदारी ग्राहकाची. तू फोन घेतला नाहीस. मला तर ती चकार शब्द बोलली नाही. वखारीवरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने घरी जायला लागली. कळलं ते बेकरीवाल्याकडून.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. परवा टेम्पो घेऊन गेले, तिच्याकडचा कुजका माल उचलला, रोजच्या चार जाळ्या उतरवल्या आणि सांगितलं, की बाकीची थप्पी छपराखाली लागली आहे, ने लागेल तशी. ती पैशांचं कसं करू म्हणून कावरीबावरी झाली. मी म्हटलं, मला नको विचारूस, हे सगळं धाकट्याने करायला सांगितलंय, पैसेही त्यानेच भरलेत, स्वतः यायला तोंड नाही म्हणून मला पाठवलं. ती मान खाली घालून फुलांचे देठ कापू लागली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. पोरगा तसा नाही." हंगामाचे पैसे गेले त्याहून तिला हेच जास्त लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तर ती तुला आभाराचा फोन करणार आहे. तो घे आणि हो म्हण, उगाच माहीत नसल्यासारखं करू नकोस. आणि पैसे पाठवू नकोस. ते मी घेतले तर तिला सांगितलेलं खरं ठरेल, तू मोकळा होशील, आणि तेवढं मोठं मन माझं नाही.

तुझीच, मोठी असल्याने इलाज नसलेली,
ताई