तीन नंबरचा पिस्टन

२४ ऑक्टोबर
पवनीच्या लिलाधरभाऊंच्या हार्वेस्टरचं टर्बो इंजिन उघडलं. ब्लॉकचा माथा घासला, तर चारही नवे पिस्टन केसभर वर डोकावतात. बाबा म्हणाले, "जाड गॅस्केट मागव, हेड तेवढं वर राहीन. पिस्टनच्या डोक्याले लेथ लावू नको, लेप निघते." गॅस्केटला तीन दिवस! मी काय आज लेथ शिकते आहे?

२५ ऑक्टोबर
बाबा चहाला गेले आणि मी पिस्टन लेथवर चढवला. मीच मार्करने ३ लिहिलेला. टूल टेकलं मात्र — आगीपासून वाचवणारा पांढरा लेप पापुद्र्यासारखा सुटला! खाली उघडं अ‍ॅल्युमिनियम. टर्बोच्या आगीत त्याला भोक पडायला किती वेळ? खोक्यात तळाशी ठेवून दिला. नागपूरला सुटा मिळतो, पण मागवला की बाबांना कळणार.

२७ ऑक्टोबर
गॅस्केट आलं. बाबा मात्र सकाळच्या एसटीने नागपूरला. म्हणे डोळे दाखवायचेत. ऐन कामात! लिलाधरभाऊ दोनदा येऊन गेले. "ताई, आंधळगावात धान उभा हाय. आता इंजिन बंद पडलं तर माहं वर्ष गेलं." सांगायला तोंड उघडलं. "होऊन जाईल भाऊ," एवढंच निघालं.
बाबा संध्याकाळी परतले. नाकावर तोच तडा गेलेला चष्मा. "डाक्टर भेटला नाही."

२८ ऑक्टोबर
आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. बाबांनी ऑइल आणायला पिटाळलं. परत येते तर पिस्टन आत, वर हेडही कसलेलं! "काहून एवढी घाई केली?" — "घाई तर तुलेच होती ना, नीतू." आता सांगायचं म्हणजे सगळं पुन्हा उघडा. ऑइल ओतलं. भेकड!

३ नोव्हेंबर
चालतंय. फोन वाजला की आधी नाव बघते.

११ नोव्हेंबर
लिलाधरभाऊंचा फोन. त्यांना फिल्टरचा नंबर हवा होता!

१९ नोव्हेंबर
हंगाम आटोपला, इंजिन ठणठणीत. लिलाधरभाऊ नव्या तांदळाची थैली देऊन गेले. "भय्याजी, पोरीच्या हाताले यश हाय." बाबा नुसते हसले. मला त्या तांदळाकडे बघवेना. नशिबाने वाचले, हाताने नाही.

२१ नोव्हेंबर
पाना शोधत होते. बाबांच्या लोखंडी पेटीत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला पिस्टन. लेप खरवडलेला. माझ्याच अक्षरातला ३. म्हणजे इंजिनात आहे तो नवा, नागपूरचा.
तिथेच बसून रडले. बाहेर बाबा तडा गेलेल्या चष्म्याने पेपर वाचत होते. उद्या पहिल्या एसटीने त्यांना नागपूरला नेते. डोळे दाखवायला.