विषाणू हाही अणूच, म्हणून विषय माझा

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

शनिवारी पालकांसमोर व्याख्यान आहे, 'विषाणू: ओळख आणि काम'. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते जीवशास्त्राच्या मॅडमना दिलं होतं. मी केबिनमध्ये जाऊन मुद्दा मांडला. विष अधिक अणू. अणू म्हणजे फिजिक्स. फिजिक्स म्हणजे मी. अर्ध्या तासाने बाई कंटाळून हो म्हणाल्या. पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, नाव शनिवारीच जाहीर होणार. बावीस वर्षं वाट बघतोय. यंदा नाही तर रिटायर होईपर्यंत नाही. साडूला फोन करून टाकला, झालोच म्हणून.

नाक गळतंय. धूळ असेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, मग जिवाणू म्हणजे जिवंत अणू का? आणि शुक्राणूंचा धडाही यंदापासून सरच घेणार का? सगळे खिदळले. पीटीवाला तर टेबल बडवत होता. उथळ पाण्याला खळखळाट फार! मी त्यांच्याच नोट्स तेवढ्या मागून घेतल्या.

वाचल्या. विषाणू हा प्रकार अगदीच भिकारडा निघाला. साधी पेशीसुद्धा नाही. प्रथिनाचं कवच, आत एवढीशी चिठ्ठी: माझ्या प्रती काढा. बाहेर असला की नुसता पडून, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. (आमच्या ऑफिसातल्या क्लार्कचंही हेच.) कवचावरचा काटा पेशीच्या कुलपात बसला की स्वारी आत. मग यंत्र पेशीचं, माल पेशीचा, प्रती मात्र ह्याच्या. हजारोंनी. शेवटी त्या पेशीचं वाटोळं करून शेजारणीकडे. स्वतःचं म्हणून काडीचं नाही! असल्या फुकट्यांची मला मनापासून चीड आहे.

नोट्सची झेरॉक्स ऑफिसात काढली. वर माझं नाव घातलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी
अंग कसकसतंय. कपाटात मागच्या दातदुखीची अँटिबायोटिकची अर्धी पट्टी सापडली. तीन गोळ्या एकदम घेतल्या. बायको औषधाच्या दुकानात कामाला आहे, ती ओरडली. अहो, त्या जिवाणूंवर चालतात, सर्दी विषाणूंची, उपयोग शून्य, गपचूप घरी बसा. म्हटलं, दुकानात खोकी रचून कोणी डॉक्टर होत नसतं. मी आतून आता संपूर्ण निर्जंतुक आहे.

शाळेत खिडक्या बंद करायला लावल्या, मला वारा बाधतो. चाचणीचे सहाशे पेपर मोजून सगळ्यांना वाटले. बोटाला थुंकी लावल्याशिवाय मला मोजता येत नाही, हात तसाच बसलाय. मॅडमनी आपला गठ्ठा चिमटीत धरून उन्हात ठेवला आणि मला मास्क दिला. काय ते नखरे! मास्क खिशात घातला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
पीटीवाला, गणितवाले, ड्रॉइंगच्या बाई, क्लार्क, चौघेही आडवे. मोठ्या बाई शिंकताहेत. काय ही माणसं, प्रतिकारशक्ती नावाला नाही. मी एकटा खंबीर उभा. (पायऱ्यांवर दोनदा बसलो.)

आवाज घोगरा झालाय. उद्या भारदस्त वाटेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी २.
आवाज गेला. माइकसमोर तोंड उघडलं, नुसतं फुस्स. पालक वाट बघत बसले. तीनदा प्रयत्न केला. मग मोठ्या बाईंनी मॅडमना बोलावलं.

पडद्यावर त्यांचं पहिलंच चित्र: मध्ये मोठं वर्तुळ, त्यात लिहिलेलं 'फिजिक्स'. तिथून चहूकडे बाण. पीटी, गणित, ड्रॉइंग, ऑफिस, मोठ्या बाई. मला वाटलं, नव्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली कोण कोण, त्याचा तक्ता. भरून आलं हो. उभा राहिलो, सगळ्यांना हात जोडले. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, एका नाकातून पाच दिवसांत सर्दी कशी पसरते ते आपण आपल्याच शाळेत बघू या.

हॉल हसला. माझ्या रांगेतले पालक खुर्च्यांसकट लांब सरकले.

त्या पाऊण तास बोलल्या. एकदाही कागदात बघितलं नाही. मी खोट काढायला पेन घेऊन बसलो होतो. सापडली नाही. शेवटी मोठ्या बाईंनी शिंकत शिंकत जाहीर केलं, पर्यवेक्षक म्हणून जीवशास्त्राच्या मॅडम. पहिलाच हुकूम माझ्या नावाने निघाला: गुरुवारपर्यंत घरी राहायचं. माझे तास त्याच घेणार. फिजिक्सही येतं म्हणे त्यांना.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण चारचौघांत दिसायला नको म्हणून टाळ्या वाजवायला लागलो. मागून एक आजोबा म्हणाले, अहो, टाळ्या नका वाजवू, वारा इकडे येतो.