खिंडीची चढण

खिंडीवरचा तांडा, हिंगोली
मार्गशीर्ष, सन १९४८

दोस्त दस्तगीरला हरिचंदचा सलाम अन् रामराम, दोन्ही. भाभीला सलाम, लेकरांना दुवा. इकडं आमी सगळे खुशाल हाओत. तूर फुलावर हाय, कापसाचा एक वेचा झाला. रुखमीची म्हैस व्याली, पारडी झाली. तुझ्या अम्मीची तब्येत बराबर हाय, फिकीर करू नको.

आता सायकलीचं ऐक, कारण माझं डोकं फिरून राहिलं हाय.

तू भाभीला अन् लेकरांना घेऊन हैदराबादला सासुरवाडीला गेला, अम्मी तुझ्यासंगं यायला तयार झाली न्हाई अन् आमच्या तांड्यात राहिली. तवापासून दर बाजारच्या दिवशी तिला सायकलीच्या क्यारेजवर बसवून मी हिंगोली स्टेशनावर नेतो. न्यावंच लागतं, न्हाई म्हटलं तर ती काठी घेऊन पायी निघते. पूर्णेकडून गाडी आली की ती उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघत बसते. गाडी रिकामी झाली की म्हणते, 'चल हरी. आज नै आया तो कल आयेगा.' जाताना सगळा उतार, काही तकलीफ न्हाई. येताना खिंड. अन् खिंडीत तुझी ही सायकल, तुझ्या अब्बाच्या वक्ताची विलायती म्हातारी, अशी अडते की अडेल बैल परवडला! मी पायडलवर उभा राहिलो तरी चाक फिरत न्हाई. अम्मी म्हणते, 'मेरे को उतार, मैं चलती.' उतरवली की चार पावलं चालते अन् दगडावर बसते. धापा टाकते. मग मी तिला पुन्हा बसवतो अन् सायकल ढकलत आणतो.

पहिल्यांदा मी जे केलं ते तुला सांगितलं नव्हतं. हसशील, पण हस. आमच्या बापजाद्यांनी बैलांवर माल लादून सारा मुलूख पालथा घातला, म्हणून मला वाटलं, ओझं वाहायचं आपल्याला कोण शिकवणार? मोठ्या चाकाची गाडी बैलाला हलकी जाते, हे तांड्यातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. मग काय, सेनगावच्या लोहाराकडून पायडलाजवळचं चैनीचं दातेरी चक्कर मोठं करून आणलं. चांगलं परातीएवढं! पहिल्याच चढणीला गुडघ्यात असं कट्कन वाजलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. किसनसिंग काका शेळ्या घेऊन तिथंच बसला होता. म्हणला, "हऱ्या, सायकल तुला नेऊन राहिली का तू सायकलीला?" आता सारा तांडा मला तेच विचारतो.

मग तुला पत्र टाकलं की बाबा, चढणीला सायकल हलकी कशी करू. तुझं उत्तर आलं. वा रे वा! दोन पानं भरून. पुढचं चक्कर लहान ठेव, मागचं मोठं बसव, मग पाय जास्त फिरतील पण जोर कमी लागंल. चैन आखूड पडंल, तिला कड्या जोड. मागचं चाक सरकवून चैन ताण. सगळं बराबर लिहिलंस. अन् यायचं? यायची एक ओळ न्हाई! अम्मी ते पत्र पदरात धरून विचारते, 'क्या लिखा मेरे बच्चे ने?' मी काय वाचून दाखवू, चक्कराचे दाते? म्या सांगितलं, लवकर येतो म्हणून लिहिलंय. तुझ्या आईशी खोटं बोलायची पाळी तू माझ्यावर आणली, दस्तगीर. मला लई राग आला तुझा. अजून हाय.

वर लिहितोस, मोठं चक्कर माझ्या सायकलीच्या दुकानात मागच्या फळीवर हाय. कोणती फळी? दुकानाला दार राहिलं न्हाई, फळ्या न्हाईत, पंप न्हाई, तुझा हातोडाबी न्हाई. कोणी नेलं ते मला विचारू नको. पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत मी अम्मीला कणगीआड बसवून दारात कुऱ्हाड घेऊन उभा होतो, मला बाजारातलं काय दिसणार? पण आता तसं न्हाई रे. कादर परत आला, त्यानं चहाची भट्टी पुन्हा पेटवली. मोहल्ल्यात घरं उघडून राहिली. भिंती तुझ्या शाबूत हायत.

मागचं चक्कर शेवटी कादरनंच कळमनुरीहून एका मोडक्या सायकलीचं काढून आणलं. पुढं जुनं होतं तेच बसवलं. मग चैनीनं पिदवलं. कडी जोडली की ती आखडायची, चाक मागं ओढलं की वाकडं व्हायचं, सरळ केलं की चैन पडायची. मी तिला, तुला अन् सायकल काढणाऱ्या विलायती माणसाला इतक्या शिव्या दिल्या की रुखमीनं आमच्या लेकरांना घरात नेलं.

पण मागच्या बाजारी खिंड चढलो! अम्मीला घेऊन, एकदाबी पाय न टेकवता. वर आलो अन् बोंबललो, "अम्मी, जमलं! तुझ्या पोराचं चक्कर जमलं!" रुखमी पुढं आली. अम्मीला आमी नेहमी दोघं मिळून उतरवतो. या खेपेला रुखमीनं एकटीनं उचलून बाजेवर ठेवली, लेकरू ठेवावं तशी. मग मला बाजूला घेऊन म्हणली, "चक्कराचं काय कौतुक करून राहिले तुमी? म्हातारीत काही उरलं न्हाई."

मी भांडलो तिच्याशी. म्हणलं, तुला सायकलीतलं काय कळतं? अन् दुसऱ्या दिवशी जिद्दीनं ज्वारीचं अर्धं पोतं क्यारेजवर बांधलं अन् खिंडीला लागलो. निम्म्यातच पाय टेकला. पुन्हा खाली गेलो, पुन्हा चढलो, पुन्हा तिथंच. पोतं रस्त्यात टाकलं अन् धुऱ्यावर बसून रडलो. किसनसिंग काकानं शेळ्या सोडून पोतं रस्त्यातून बाजूला ओढलं.

तुझ्या अम्मीचं वजन अर्ध्या पोत्याइतकंबी न्हाई, दस्तगीर.

तब्येत बराबर हाय असं वर लिहिलं, ते तिच्या सांगण्यावरून. 'उसको मत लिख,' म्हणते, 'घबरा के निकलेगा, रस्ते में कुछ हो गया तो?' दुधात भाकर कुस्करून दिली तर दोन घास खाते. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणला, औषध हाय पण वय झालं, तिच्या माणसाला बोलवा. मी म्हणलं, मी कोण हाय मग?

आता मला चक्कराचं काही लिहू नको. तू ये. भीती वाटत असंल तर भाभी-लेकरांना तिथंच ठेव अन् एकटा ये. स्टेशनापासून तांड्यापर्यंत मी संगं हाय, तुझ्या केसाला धक्का लागायच्या आधी माझी मान पडंल. येत्या बाजारी मी तिला पुन्हा स्टेशनावर आणीन. खिंडीची मला आता फिकीर न्हाई, ती चढून होते. पण गाडी रिकामी झाल्यावर तिच्या तोंडाकडं मला बघवत न्हाई.

तू येईपर्यंत तुझ्या अम्मीचा लेक,
हरिचंद